चुन्याची रेघ

सोमवार हा विनिताचा फ्रान्सचा वार होता. महिला टेनिसपटूंची जागतिक क्रमवारी सोमवारी जाहीर होते, आणि ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसणारी ही बाई सलग आठ वर्षं त्या लांबलचक यादीत एकच नाव शोधत आली. सोलेन व्हिदाल. आधी कल्याणच्या नाक्यावरच्या सायबर कॅफेत, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साहेबांची नजर चुकवून. सोलेनचा नंबर वर सरकला असला की त्या संध्याकाळी घरी शिरा नाहीतर खीर व्हायची. घसरला असला की भाजीत मीठ किंवा तिखट, दोहोंपैकी एक हमखास जास्त पडायचं. नवरा सुदेश स्वभावाने गमत्या. पहिला घास घेऊन पाण्याचा तांब्या जवळ ओढत तो विचारायचा, "काय, आमची फ्रेंच मेव्हणी हरली वाटतं?"

विनिता हसायची नाही. सुदेशला वाटायचं, जुनी मैत्रीण असेल, खेळल्या असतील कधीतरी एकत्र. एकदाच खेळल्या होत्या, समोरासमोर. तो सामना विनिताने चोरला होता. आणि ही गोष्ट आपल्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नाही, असं ती बावीस वर्षं धरून चालली होती.

आता टेनिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंगले आणि गाड्या येतात. विनिताचं टेनिस त्यातलं नव्हे. तिचे वडील धाकू धामणस्कर कल्याणच्या खाडीकडच्या एका जुन्या जिमखान्यात कोर्ट राखायचं काम करत. जिमखान्याचे सभासद, त्यांची कॉलेजात जाणारी मुलंसुद्धा, त्यांना "ए धाकू" म्हणूनच हाक मारत. पस्तीस वर्षं त्या माणसाला अरेतुरे ऐकून घ्यावं लागलं, म्हणून निदान इथे तरी आपण त्यांना अहोजाहो करू. लाल मातीची तीन कोर्टं होती. पहाटे पाणी मारायचं, माती ओलसर झाली की रोलर ओढायचा, संध्याकाळी खेळ संपला की तागाची चटई फिरवून माती सारखी करायची. या सगळ्यावर कळस म्हणजे रेघा. चुना आदल्या दिवशी भिजत घालायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, दोन खिळ्यांना सुतळी ताणायची आणि गुडघ्यावर बसून कुंचल्याने रेघ ओढत न्यायची. धाकूंची रेघ म्हणजे रेघ. जिमखान्याचे सेक्रेटरी, जे बायकोचंही कधी कौतुक करत नसत, ते पाहुण्यांना मुद्दाम कोर्टावर नेऊन ती रेघ दाखवायचे.

कोर्टामागेच धामणस्करांची खोली होती. आई हौसाबाई पोटापुरत्या गोधड्या शिवून द्यायच्या आणि विनिता दिवसभर बापाच्या मागे मागे. सभासदांनी टाकून दिलेल्या रॅकेटला स्वतःच तार ओढून ती खेळायला शिकली. पण त्याआधी शिकली ती माती वाचायला. लाल मातीवर चेंडू पडला की वण उठतो. धाकू तिला उकिडवं बसवून एकेक वण दाखवत. "हा बघ, लांबट हाय, म्हंजे चेंडू जोरात आला. हा गोल, हा उंचावरना पडलाय. आणि ह्याच्या कडेला पांढरा लागलाय बघ बाय. पांढरा लागला का चेंडू रेघेवरचा. मग राजा जरी म्हणाला बाहेर, तरी आतच." सात वर्षांची असताना विनिता नुसत्या वणावरून सांगायची की हा फटका डॉक्टरकाकांचा आणि हा वकिलांचा.

हे सगळं इतक्या खोलात सांगायचं कारण एवढंच, की पुढे तिने जे केलं ते नजरचुकीने झालं असं कुणी म्हणू नये.

दोन हजार तीनच्या जानेवारीत जिमखान्याला एक छोटी आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धा मिळाली. टेनिसच्या जगातली ही सगळ्यात खालची पायरी. इथे येणाऱ्या मुली स्वतःची बॅग स्वतः उचलतात, स्वस्तातल्या लॉजवर राहतात आणि पुढच्या गावचं तिकीट परवडेल की नाही याच्या काळजीत खेळतात. विनिता तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिला पात्रता फेरीत जागा मिळाली. सेक्रेटरींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मुख्य स्पर्धेत शिरलीस, एक सामना जिंकलास, की तुझं नाव जागतिक यादीत लागायचा रस्ता मोकळा. मग खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी कुठे जात नाही." हे ऐकल्यापासून तिला यादी आणि नोकरी यापलीकडे काही दिसेनासं झालं. तिला तरी का नावं ठेवावीत? खोलीचं छप्पर जिमखान्याचं, वडिलांचे गुडघे दुखायला लागलेले.

सोलेन फ्रान्सहून एकटी आली होती. वीस वर्षांची, हडकुळी, उन्हाने नाक सोललेलं. दुसऱ्याच दिवशी तिचं पोट बिघडलं. पात्रतेचा पहिला सामना कसाबसा जिंकून ती कोर्टामागच्या नळापाशी पोट धरून बसली. हौसाबाईंनी तिला पाहिलं आणि भाषा-बिषा काही न बघता दंडाला धरून घरात आणलं. गोधडीवर बसवलं, भाताची पेज केली, त्यात मीठ घातलं, लिंबाच्या लोणच्याची फोड बाजूला ठेवली. पोरगी दोन वाडगे प्यायली. जाताना तिने हौसाबाईंनी शिकवल्यासारखे हात जोडले आणि आपल्या भाषेत आभार मानत "मेर्सी, आई" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेज प्यायला आली आणि दुपारी विनितासमोर उभी राहिली. पात्रतेची शेवटची फेरी. जिंकेल ती मुख्य स्पर्धेत, हरेल ती घरी.

पात्रता फेरीत खुर्चीवर बसलेला पंच नसतो. तीन कोर्टांना मिळून एकच पंच, तो फिरता. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं, अशी पद्धत. मातीचं कोर्ट असेल तर समोरची खेळाडू वण दाखव म्हणू शकते, आणि तेवढ्यासाठी तिला आपल्या बाजूला येता येतं. सगळा कारभार विश्वासावर.

तिसरा सेट. सोलेन पाच-चार पुढे आणि सामना संपायला एक गुण बाकी. तिने उजव्या कोपऱ्यात एक फटका मारला. विनिता धावली, पोहोचली नाही, चेंडू मागच्या रेघेवर पडताना तिने पाहिला. चुना उडालेलाही पाहिला. सामना संपला होता. आणि तिचा हात वर गेला. बोट बाहेर दाखवणारं.

सोलेन जाळीपाशी थांबली. "शुअर?" तिने विचारलं. मग वळसा घालून आली. रेघेच्या चार बोटं बाहेर आधीच्या कुठल्यातरी फटक्याचा एक शिळा वण होता. विनिताने रॅकेटचं टोक त्याच्यावर ठेवलं. खरा वण वीतभर डावीकडे होता, कडेला पांढरा लागलेला. सोलेनने जरा मान वळवली असती तर तिला दिसला असता. पण जिच्या आईच्या हातची पेज सकाळीच प्यायले, ती मुलगी रॅकेट ठेवते तिथे बघायचं, आजूबाजूला शोधत बसायचं नाही, इतकी ती साधी होती. "ओके," म्हणाली आणि परत गेली.

त्यानंतर सोलेनचा खेळ ढिला पडला. विनिता सात-पाच जिंकली. जिमखान्याच्या व्हरांड्यातून टाळ्या पडल्या, सेक्रेटरींनी पेढे मागवले. धाकू तिसऱ्या कोर्टाच्या जाळीजवळ रबरी नळी घेऊन उभे होते. विनिता धावत त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाण्याने नळीपुढे चिखल झाला होता तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास ती सरावाला कोर्टावर आली. आदल्या संध्याकाळी सगळ्या कोर्टावर चटई फिरलेली होती, माती एकसारखी, फक्त तो उजवा कोपरा तसाच. शिळा वण शिळ्या जागी, खरा वण खऱ्या जागी, पांढऱ्या कडेसकट. धाकूंनी पस्तीस वर्षांत कोपरा सोडल्याचं कुणाला आठवणार नाही. ते पंपापाशी पाठमोरे वाकून काहीतरी खुडबुडत होते. विनिताने इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाने तो वण पुसून टाकला. एकदा, मग पुन्हा एकदा, जोर देऊन. सोलेन कुठे दिसेना. चौकशी केल्यावर कळलं की ती सहालाच विमानतळाकडे गेली.

विनिता मुख्य स्पर्धेत एक सामना जिंकली. पुढच्या वर्षभरात इकडेतिकडे दोन-चार गुण मिळाले आणि जागतिक यादीत नऊशे अठराव्या नंबरवर तिचं नाव लागलं. पेपरात फोटो आला. नोकरी लागली. सुदेशचं स्थळ आलं, वर्तकनगरला घर झालं, मग आईवडिलांनाही तिने कल्याणहून तिथेच आणलं. एका खोट्या बोटावर केवढं घर उभं राहिलं. खेळ मात्र दोन वर्षांतच सुटला. लोक विचारत, का सोडलंस, तेव्हा ती खांद्याचं दुखणं सांगायची. खरं असं होतं, की जवळचा कुठलाही चेंडू पडला की तिला आत-बाहेर काही सांगताच येईनासं झालं. ती गप्प राहायची, आणि समोरची गुण घेऊन टाकायची.

धाकूंच्याही वागण्यात त्या स्पर्धेनंतर फरक पडला. ते तिचा सामना बघायला पुन्हा कधी आले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी सेक्रेटरींकडे जाऊन रेघांचं काम सोडलं. हात कापतो म्हणाले, रेघ वाकडी जाते. सेक्रेटरींनी नाइलाजाने दुसरा माणूस लावला आणि धाकूंना पंप आणि बागेचं काम दिलं. विनिताला वाटलं, वय झालं. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. चोपन्नाव्या वर्षी कुणाचा हात कापतो, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण स्वतःच्या मनातलं झाकायची घाई असली की माणूस दुसऱ्याच्या मनाकडे बघत नाही, आणि विनिता तेव्हा पुरती त्या घाईत होती.

तिकडे सोलेन चढत गेली. दोन हजार चारमध्ये तीनशे चाळीस, सहामध्ये एकशे अठ्ठ्याऐंशी, आठमध्ये एकशे सत्तावीस. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत शेवटच्या सामन्यापर्यंत दोनदा पोहोचली आणि दोनदा हरली. एक वर्ष तिथल्या थेट प्रवेशासाठी तिचे थोडेसे गुण कमी पडले. विनिता त्या सोमवारी ऑफिसातून अर्धी रजा टाकून घरी येऊन पडली. खरं तर टेनिसमध्ये मिळालेले गुण वर्षभराने गळून पडतात. दोन हजार तीनच्या कल्याणचा दोन हजार आठच्या पॅरिसशी काही संबंध लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण अपराधी मनाचं गणित वेगळं असतं. सोलेनचा प्रत्येक पराभव ती आपल्या नावावर लिहून घ्यायची. कधीतरी ही बाई पहिल्या शंभरात जाईल, मग आपण सुटू, अशी तिने मनाशी सोय लावली होती. सोलेन पहिल्या शंभरात कधीच गेली नाही. दोन हजार अकरात खांद्याची शस्त्रक्रिया झाली, आणि एका सोमवारी यादीत नावच नव्हतं.

त्यानंतर विनिता शोधून शोधून तिच्याबद्दलचे तुकडे वाचायची. सोलेन निवृत्त झाली. समुद्रकाठच्या एका छोट्या गावात लहान मुलांना शिकवते. क्लबच्या पानावर एक फोटो होता, मुलांच्या घोळक्यात उभी, केस आखूड, नाक अजून सोललेलं. खाली ईमेलचा पत्ता होता. तो पत्ता विनिताला तोंडपाठ झाला, पण एक ओळ लिहिणं जमलं नाही. काय लिहिणार? मी तुझं चोरलं आणि त्यावर माझं पोट चाललंय?

विनितासुद्धा शनिवार-रविवार डोंबिवलीला एका गृहसंकुलाच्या कोर्टावर मुलांना शिकवायची. तिच्याकडे एक नियम होता आणि त्यापायी तिच्याशी आईबाप भांडत: शंका आली तर गुण समोरच्याचा. मुलं त्यामुळे चारदोन सामने हरत. सान्वी नावाची बारा वर्षांची मुलगी तिच्याकडे होती, हाताला विजेसारखी चपळ. तिची आई चित्रा एकदा वैतागून म्हणाली होती, "मॅडम, बाकीचे कोच पोरांना जिंकायला शिकवतात. तुम्ही काय दानधर्म शिकवताय का?" विनिताने नियम सोडला नाही. आपल्यापुरतं प्रायश्चित्त चाललंय, असं तिला वाटायचं. मुलांच्या जिवावर करायचं प्रायश्चित्त तसं स्वस्तच पडतं.

गेल्या डिसेंबरात धाकू गेले. शेवटचे आठ दिवस हॉस्पिटलात होते. एका दुपारी हौसाबाई डबा धुवायला गेल्या होत्या आणि खोलीत दोघंच होती. विनिताने सगळा धीर गोळा केला. बावीस वर्षं तिने स्वतःला समजावलं होतं की बाबांनी पाहिलं नाही, कोपरा राहिला तो नुसता राहिला. आता विचारायचं आणि मोकळं व्हायचं असं तिने ठरवलं.

"बाबा, ती सोलेन आठवते तुम्हाला? आपल्या जिमखान्यात आलेली?"

धाकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेज आवडली व्हती तिला." आणि डोळे मिटले.

पुढचा प्रश्न मागे ठेवून विनिताने त्यांचं पांघरूण सारखं केलं. उद्या विचारू म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, आणि उद्या राहूनच गेला.

फेब्रुवारीत सान्वीचा जिल्हा पातळीवरचा सामना होता. मोक्याच्या क्षणी तिने एक चेंडू बाहेर दिला. विनिता कठड्यापाशी होती, तिला चेंडू आत पडलेला स्वच्छ दिसला. सान्वी जिंकली. सामन्यानंतर विनिताने तिला झाडाखाली नेऊन चांगलं फैलावर घेतलं. पोरगी रडली नाही, खाली बघत बुटाने माती उकरत राहिली आणि मग पटकन मान वर करून म्हणाली, "मॅडम, तुम्ही एवढ्या मॅच खेळलात ना? मग तुम्ही एकदापण नाही केलं असं?"

"नाही," विनिता म्हणाली. "एकदाही नाही."

इतक्या सहज निघालं ते, की तिचं तिलाच ऐकू आलं. बावीस वर्षांपूर्वी हात असाच सहज वर गेला होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. मोबाइलवर लिहायला बसली. इंग्रजी जेमतेम. आधी घरची परिस्थिती लिहिली, ती खोडली. वय लिहिलं, तेही खोडलं. शेवटी चार ओळी उरल्या. कल्याण, दोन हजार तीन, पात्रतेची शेवटची फेरी. तुमचा चेंडू रेघेवर होता. मला माहीत होतं. मी तुम्हाला दुसरा वण दाखवला. डोळे मिटून तिने बटण दाबलं.

त्याच शनिवारी ती सान्वीला म्हणाली, "त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. मीही एकदा केलंय तसं. मोठ्या मॅचमध्ये."

सान्वीचे डोळे चमकले. "मग पकडलं तुम्हाला?"

"नाही," विनिता म्हणाली. "कुणालाच कळलं नाही."

सोलेनचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. विनिता टेबलावर टपालाचे शिक्के मारत होती. शाई-पॅड बाजूला सारून तिने वाचायला घेतलं. उत्तर इंग्रजीत होतं, साध्या सोप्या वाक्यांत, आणि त्याचा अर्थ असा होता:

"तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. पण मला हे ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं होतं. मी साडेपाचला लॉजवरून येऊन जिमखान्याच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होते, अजून अंधार होता. तुमचे वडील आले. एका हातात टॉर्च होता, दुसऱ्यात तो चुन्याचा डबा आणि कुंचला. त्यांनी खुणेने मला कोर्टावर बोलावलं. तो एक कोपरा त्यांनी तसाच ठेवला होता. त्यांनी मला वण दाखवला, त्याची पांढरी कड दाखवली. मला सगळं समजलं. मी रागाने विचारलं, 'विनिता?' तर ते जोरजोरात मान हलवायला लागले. नाही, नाही. मग त्यांनी बोट रेघेवर ठेवलं, मग कुंचल्यावर, मग स्वतःच्या छातीवर. तीन-चारदा तसंच केलं. त्यांना सांगायचं होतं की रेघ चुकीच्या जागी पडली होती, आणि ती त्यांनी मारली होती, म्हणून तुम्ही फसलात. आणि मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

"मला ते खरं वाटलं नाही. इतकी सरळ रेघ मी आमच्याकडेही क्वचित पाहिली आहे. पण ज्यांच्या घरी मी जेवले, त्यांच्या तोंडावर कसं म्हणू? मी मान हलवली आणि निघाले. कागदावर सह्या झाल्यावर निकाल बदलत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

"'मी माफ केलं' असं लिहायला बसले होते. पण मीही खरं सांगते. मी तुमच्यावर बरीच वर्षं रागावले होते. सामन्यासाठी नाही. असे सामने मी पुढे खूप हरले. त्या माणसाला माझ्यापुढे तसं उभं राहावं लागलं, म्हणून. आता राग नाही. ते कसे आहेत? त्यांना माझ्याकडून एवढंच सांगा की रेघ बरोबर होती."

विनिताने ते तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीपाशी तिसऱ्यांदा आली तेव्हा अक्षरं दिसेनाशी झाली. शेजारच्या टेबलावरच्या अंतराबाई धावत आल्या, "अगं, काय झालं? घरून फोन आला का?" ऑफिसात सगळ्यांसमोर ती ओक्साबोक्शी रडली. वडील गेले तेव्हासुद्धा इतकी रडली नव्हती. तेव्हा निदान काय गेलं ते माहीत आहे असं तिला वाटत होतं.

रिक्षाने घरी येताना तिला साडेपाच आणि सातच्या मधला तो दीड तास दिसत राहिला. म्हणजे वण सोलेनला दाखवून झाल्यावरही बाबांनी कोपरा झाडला नव्हता. तो त्यांनी लेकीसाठी ठेवला होता. ती येईल, बघेल, आपल्याकडे येऊन काहीतरी बोलेल, म्हणून. पंपापाशी पाठ करून उभे राहिले ते तिला लाज वाटू नये म्हणून. आणि त्यांच्या पाठीमागे तिने काय केलं, तर बूट घासला. तो आवाज त्यांना ऐकू गेला नसेल? मातीवरचा बुटाचा आवाज ओळखण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना?

घरी हौसाबाई खिडकीपाशी गोधडी शिवत बसल्या होत्या. विनिता चप्पल न काढताच त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, बाबांनी चुन्याचं काम का सोडलं होतं गं?"

"आता काय काढलंस हे?" हौसाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "किती वर्षं झाली त्याला."

"हात कापायला लागला म्हणून ना? कधीपासून कापायचा त्यांचा हात?"

"कापायचा?" हौसाबाईंनी गोधडी मांडीवर ठेवली. "कोण म्हणालं तुला? गो बाय, गेल्या दिवाळीपर्यंत माझ्या सुईत दोरा तेच ओवून देत होते. आता मेली सुईच दिसत नाही मला. बघ, सकाळधरनं तीनदा दोरा निसटला. तू दे ओवून."

विनिताने सुई हातात घेतली, दोरा ओला केला आणि नेढ्याजवळ नेला. तिला तो ओवता येईना. हात कापत होता.